सेरेब्रल पाल्सी, खुब्याची शस्त्रक्रिया आणि भूल : भूलतज्ज्ञांना काय विचारावे, काय सांगावे?

चांदणवेल

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिचा जन्म ३०व्या आठवड्यात झाला आणि दीड वर्षाची असताना स्पास्टिक (स्नायू ताठर करणाऱ्या) प्रकारच्या सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणाऱ्या आजाराचे, निदान झाले. चारही हातापायांत ताठरपणा आहे. आधाराने बसते, चालत नाही. आपण बोललेले तिला सारे कळते, परंतु तिला स्वतःला चार-पाच शब्दच उच्चारता येतात आणि बाकीचे ती डोळ्यांनी सांगते. पाचव्या वर्षी आकडी सुरू झाली, तेव्हापासून व्हॅल्प्रोएट चालू आहे, आणि ताठरपणासाठी दिवसातून तीन वेळा बॅक्लोफेन. वजन १६ किलो.

गेल्या महिन्यातील एक्स-रेमध्ये डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून सुमारे ५० टक्के बाहेर सरकलेला दिसला. दोन्ही जांघांतील स्नायू मोकळे करणे, डाव्या मांडीचे हाड कापून त्याची दिशा बदलणे आणि वाटीच्या हाडाला आधार देणे अशी एकत्रित शस्त्रक्रिया सर्जननी सुचवली आहे. हाडांचे काम त्यांनी आम्हाला चित्र काढून समजावले. भुलीबद्दल मात्र ‘ते भूलतज्ज्ञ बघतील’ एवढेच उत्तर मिळाले.

दोन वर्षांपूर्वी एमआरआयसाठी तिला गुंगीचे औषध दिले होते, तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर यायला संध्याकाळ झाली होती. अशा मुलांना भूल सोसत नाही, असे घरातले मोठेही म्हणतात. हे कितपत खरे आहे? आणि माझी दुसरी काळजी अशी की, दुखत असले तर ही मुलगी रडत नाही. ती उलट गप्प होते, छताकडे एकटक पाहते आणि दात चावते. हे दवाखान्यातल्या लोकांना कसे कळणार?

निद्रापाल

मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा बराच भाग लहान मुलांच्या हाडांच्या शस्त्रक्रियांचा असतो. मी तुमच्या मुलीला तपासलेले नाही, त्यामुळे मी लिहितो आहे ते तिच्या भूलतज्ज्ञांशी बोलताना हाताशी असावे एवढ्याचसाठी आहे; पुढे कुठे औषधाच्या मात्रेचा आकडा आला, तर तो घरी वापरण्यासाठी नाही.

अशा मुलांना भूल सोसत नाही हे खरे नाही. निरोगी मुलापेक्षा जोखीम अधिक असते, हे खरे आहे. परंतु ती जोखीम भुलीच्या औषधात जेवढी असते, त्याहून कितीतरी जास्त मुलाच्या छातीत, पोषणात आणि आकडीत असते, आणि यातील बहुतेक गोष्टींवर शस्त्रक्रियेच्या आधी काम करता येते. म्हणूनच भूलपूर्व तपासणी आदल्या संध्याकाळी वॉर्डात उरकण्याऐवजी तीन-चार आठवडे आधी व्हावी, असा आग्रह तुम्ही धरावा. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञाला छातीत कफ सापडला, तर त्याच्या हातात शस्त्रक्रिया रद्द करणे एवढेच उरते.

एमआरआयनंतर उशिरा जाग आली, ही गोष्ट मात्र त्यांना अवश्य सांगा. या मुलांना भूल कमी लागते. हॅलोथेन हे वायुरूप औषध वापरात होते त्या काळात याचे मोजमाप झालेले आहे : कातडीला छेद दिल्यावर निम्मी मुले हलणार नाहीत एवढ्या भुलीसाठी निरोगी मुलांना श्वासातील हॅलोथेनचे प्रमाण ०.९० टक्के लागले, सेरेब्रल पाल्सी आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना ०.७१ टक्के, आणि त्यांतही आकडीची औषधे घेणाऱ्यांना ०.६२ टक्के. आता हॅलोथेनची जागा सेव्होफ्लुरेनने घेतली आहे, पण धडा तोच आहे. नेहमीच्या हिशेबाने औषध दिले तर या मुलांना ते जास्त होते आणि जाग उशिरा येते. उशिरा जाग येणे म्हणजे मेंदूला नवी इजा झाली असे नव्हे. मात्र जाग पूर्ण येईपर्यंत श्वासाकडे आणि लाळेकडे कोणीतरी सतत लक्ष देऊन बसले पाहिजे.

लाळेचा मुद्दा लोकांना किरकोळ वाटतो, म्हणून थोडे थांबून लिहितो. लाळ गळते याचा अर्थ बहुधा ती जास्त तयार होते असा नसून ती नीट गिळली जात नाही, असा असतो. ज्याला लाळ गिळता येत नाही, त्याला जठरातून वर आलेले अन्नही अडवता येत नाही, आणि ते थोडेथोडे श्वासनलिकेत जात राहते. तुमच्या मुलीला जेवताना ठसका लागतो का, रात्री खोकला येतो का, वर्षभरात छातीच्या संसर्गासाठी किती वेळा अँटिबायोटिक द्यावे लागले, हे तारखांसह लिहून न्या. अलीकडे छातीचा संसर्ग झाला असेल तर आम्ही शस्त्रक्रिया साधारण चार ते सहा आठवडे पुढे ढकलतो. या मुलांचा खोकला मुळातच दुबळा असतो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेने तो आणखी दुबळा होतो.

रक्ताच्या तपासण्यांत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे कण, पाहायला सांगा, कारण व्हॅल्प्रोएटमुळे प्लेटलेटची संख्या कमी होऊ शकते आणि हाड कापण्याच्या शस्त्रक्रियेत रक्त जातेच. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आतापासून वाढवता येईल.

आणि औषधे चुकवू नका. याबद्दल निराळे लिहायला हवे, पण आता मला ओटीत (शस्त्रक्रियागृहात) जायचे आहे.

कोकणकडा

निद्रापाल यांचे शेवटचे वाक्य सर्वांनी ठळक करून ठेवावे. माझ्या मुलाच्या टाचेच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया होती. ‘रात्री १२ नंतर तोंडात थेंबही नाही’ असे वॉर्डातून बजावले होते, म्हणून आम्ही सकाळची आकडीची गोळी दिली नाही. शस्त्रक्रिया ९ वाजता होणार होती, ती पुढे सरकत दुपारी २ वर गेली आणि ११ वाजता त्याला वॉर्डातच आकडी आली. शस्त्रक्रिया रद्द झाली. नंतर आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी आम्हाला विचारले, ‘गोळी का नाही दिलीत?’ वॉर्डाची सूचना एक आणि भूलतज्ज्ञांची अपेक्षा दुसरी, आणि या दोहोंच्या मधे पालकांनी अंदाज बांधायचा! दवाखान्याचे नाव लिहीत नाही. त्या बाईंचा यात दोष नव्हता, आणि खरे तर वॉर्डातल्या सिस्टरांचाही नव्हता. त्यांना सर्वांसाठी एकच सूचना शिकवलेली होती.

निद्रापाल

कोकणकडा, हे फार ठिकाणी घडते. आकडीचे औषध शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी, घोटभर पाण्याबरोबर द्यायचे असते. पालकांनी ते स्वतःच्या अंदाजाने देऊ नये आणि स्वतःच्या अंदाजाने टाळूही नये. भूलपूर्व तपासणीच्या कागदावर औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी, म्हणजे वॉर्डात वाद होत नाही.

बॅक्लोफेनबद्दल याहूनही अधिक काळजी घ्यावी. ते अचानक बंद झाले तर ताठरपणा पूर्वीपेक्षा उसळून वाढतो, ताप चढतो, भास होतात आणि ज्यांना पूर्वी आकडी नव्हती त्यांनाही येऊ शकते. व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासेटाम ही आकडीची औषधे शिरेतून देता येतात, त्यामुळे मुलाला उलट्या होत असल्या तरी आमच्याकडे मार्ग असतो. बॅक्लोफेन मात्र शिरेतून देता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर मूल गिळू शकत नसेल तर नाकातून जठरात घातलेल्या नळीने ते चालू ठेवावे लागते, आणि ही गोष्ट आधी ठरलेली नसेल तर पहिल्या रात्रीच्या दोन मात्रा सहज हुकतात.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये बाल-भूलशास्त्रात काम करते. उपाशीपणाबद्दल थोडी भर घालते. अन्नासाठी ६ तास, आईच्या दुधासाठी ४ तास आणि नितळ पेयासाठी २ तास हा जुना नियम होता. २०१८ मध्ये ब्रिटन आणि युरोपातील बाल-भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन नितळ पेयाची मर्यादा १ तासावर आणली, कारण तहानलेले मूल चिडते, त्याच्या शिरा सापडत नाहीत आणि त्याला जास्त वेळ तहानलेले ठेवण्याचा फायदा काहीच नसतो. हे वाचून काही पालक उत्साहाने शेवटच्या तासापर्यंत पाणी देतील, म्हणून सांगते : त्याच निवेदनात हा सैल नियम कोणाला लावू नये याची यादी आहे, आणि तिच्यात अन्न वर येण्याच्या त्रासाबरोबर तीव्र सेरेब्रल पाल्सीचाही उल्लेख आहे. चांदणवेल यांच्या मुलीसारख्या मुलांच्या बाबतीत तिच्या भूलतज्ज्ञांनी वेगळे सांगितले नाही, तर २ तासांचीच मर्यादा धरावी.

नितळ म्हणजे पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस. दूध, ताक, पेज, भाताचे पाणी हे नितळ नव्हे. ज्यांना ठसका लागतो म्हणून पाण्यात घट्ट करणारी पूड मिसळून देतात, ते घट्ट पाणीही अन्नात मोजायचे असते. हे फार थोड्या पालकांना सांगितले जाते.

निद्रापाल, एक प्रश्न तुम्हाला. आकडीची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या या मुलांत स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर लवकर ओसरतो, असा माझा अनुभव आहे. तुमच्याकडे नसेवर यंत्र लावून ते मोजता का?

निद्रापाल

शक्य तिथे मोजतो. यंत्र प्रत्येक ओटीत नसते. आखडलेल्या हातावर ते यंत्र खोटे आकडे दाखवते, ही वेगळीच डोकेदुखी. आपल्या व्यवसायबंधूंसाठी एवढेच लिहितो की, जुन्या पुस्तकी भीतीमुळे सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध या मुलांत निषिद्ध मानण्याचे कारण नाही. अर्धांगवायूत किंवा मज्जारज्जूच्या इजेत त्याने रक्तातील पोटॅशियम जसे धोकादायक वाढते, तसे सेरेब्रल पाल्सीत आढळलेले नाही. बाकीची ही चर्चा पालकांच्या धाग्यात नको.

आजीचा_बटवा

मी आजी या नात्याने विचारते आहे. माझ्या नातवाच्या वेळी डॉक्टरांनी पाठीत सुई देऊन नळी ठेवणार असे सांगितले, तेव्हा आम्ही घरच्यांनी नकार दिला. आधीच मुलाच्या पायांत जोर नाही, त्यात पाठीत सुई म्हणजे उरलेले बळही जायचे, अशी आमची समजूत होती. नंतरचे तीन दिवस त्याचे हाल पाहून मला आमचा निर्णय चुकला की काय असे वाटत राहिले.

निद्रापाल

आजी, ही समजूत फार घरांत असते आणि तिच्यामागे प्रेमच असते. सेरेब्रल पाल्सीतील मूळ इजा मेंदूत असते, पाठीच्या कण्यात नसते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही सुई शक्यतो त्याच्या खाली आणि तीही मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत देतो. मुलांना ती आधी झोपवून देतात, त्यामुळे टोचण्याची भीती मुलाच्या वाट्याला येतच नाही. गंभीर इजा अत्यंत क्वचित होते. कधीच होत नाही, असे कोणताही प्रामाणिक भूलतज्ज्ञ म्हणणार नाही.

मिळते काय, ते आता सांगतो. ताठर स्नायूंच्या मुलाला शस्त्रक्रियेनंतर दोन प्रकारचे दुखणे असते. एक कापलेल्या हाडाचे. दुसरे, त्या दुखण्याने स्नायू अचानक आवळल्याचे. आवळलेला स्नायू कापलेले हाड ओढतो, ते पुन्हा दुखते, आणि दुखले की स्नायू पुन्हा आवळतो. हे चक्र मॉर्फिनने पूर्ण तुटत नाही, आणि मॉर्फिन वाढवत नेले तर दुबळ्या श्वासाचे मूल आणखी मंद होते. पाठीतील बारीक नळीतून दोन-तीन दिवस सौम्य मात्रेत बधिरतेचे औषध जात राहिले, तर दुखणे आणि आवळणे दोन्ही एकाच जागी अडतात. लहान शस्त्रक्रिया असेल तर माकडहाडाजवळून एकदाच दिलेले इंजेक्शन किंवा पायाच्या नसेभोवतीचे इंजेक्शन पुरते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ब्युपिव्हाकेन या बधिरतेच्या औषधाची एका वेळची कमाल मात्रा किलोमागे २.५ मिलिग्रॅम धरतात. १६ किलोच्या मुलीला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ टक्के द्रावणाचे १६ मिलि, आणि त्याच्या पुढे नाही. कृश मुलाला दोन जागी इंजेक्शने द्यायची असतील तर आम्ही आधी कागदावर हिशेब करतो. कणा वाकलेला असेल तर पोकळी सापडणे अवघड जाते. लघवी तुंबते, म्हणून लघवीची नळी ठेवावी लागते. आणि ज्या पायाला दुखत नाही, त्याला टाच प्लास्टरवर घासल्याचेही कळत नाही : दर दोन तासांनी कूस बदलणे आणि टाचा उचलून ठेवणे हे सोडून चालत नाही. प्लास्टरच्या आत सूज वाढून रक्तपुरवठा अडला तर त्याची वेदनाही बधिरतेत दडू शकते, म्हणून बोटांचा रंग, ऊब आणि सूज तपासत राहायची.

अस्थिमित्र

सर्जनच्या बाजूने थोडे लिहितो. काही जणांनी मला खासगीत विचारले की भुलीची एवढी काळजी असेल तर शस्त्रक्रिया टाळलेलीच बरी नाही का. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या नोंदींनुसार सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांचा खुबा सरकतो, आणि हालचालीच्या वर्गीकरणात सर्वांत तीव्र, म्हणजे पाचव्या, पातळीवरील मुलांत हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाते. एकदा ५० टक्के सरकलेला खुबा आपोआप परत जागेवर बसण्याची आशा फारशी नसते; पुढे तो पूर्ण निसटला तर बसणे, लंगोट बदलणे, कूस वळवणे यांपैकी काहीच वेदनेशिवाय होत नाही. शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे वेदना टाळणे नव्हे.

थोडे विषयांतर करतो, पण ते अगदीच अस्थानी नाही. या आजाराचे पहिले नीट वर्णन करणारे लंडनचे विल्यम जॉन लिटल स्वतः वाकड्या पावलाचे होते. १८३६ साली त्यांनी जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन स्ट्रोमेयर यांच्याकडून आपला टाचेचा स्नायुबंध कापून घेतला, आणि मग तीच शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये रुजवली. ईथरची भूल बॉस्टनमध्ये जाहीरपणे दिली गेली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. म्हणजे लिटल यांनी जे सोसले, ते पूर्ण शुद्धीत. पुढे १८६२ मध्ये त्यांनी अवघड बाळंतपण, अकाली जन्म आणि हातापायांचा ताठरपणा यांचा संबंध मांडला, आणि कितीतरी वर्षे हा आजार ‘लिटलचा आजार’ याच नावाने ओळखला गेला.

कामाचे बोलायचे तर, आम्ही आता अनेक स्नायू आणि हाडे एकाच बैठकीत करतो, म्हणजे मुलाला दरवर्षी भूल घ्यावी लागत नाही. त्याचा अर्थ असा की ती एक बैठक लांबते, मूल थंड पडते आणि रक्त जास्त जाते. अंगावर चरबी नसलेले १६ किलोचे मूल वातानुकूलित ओटीत किती लवकर गारठते, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. गरम हवेचे पांघरूण, कोमट केलेले सलाईन, रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आणि जुळवून ठेवलेले रक्त, हे सारे आहे का, असे विचारण्यात पालकांनी संकोच करू नये. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीसाठी अतिदक्षता विभागातील खाट राखून ठेवली आहे का, हेही विचारावे.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखण्याच्या ओळखीबद्दल चांदणवेल यांनी जे विचारले, ते माझ्या मते या धाग्यातले सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याला अजून उत्तर मिळालेले नाही.

न बोलणाऱ्या मुलांसाठी रुग्णालयांत ‘फ्लॅक’ नावाची मोजपट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना ० ते २ गुण द्यायचे, एकूण १०. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे पाय एरवीही ताठ असतात, त्यामुळे दुखत नसतानाही त्याला पायाचे २ गुण मिळतात. उलट तुमच्या मुलीसारखे गप्प होणारे मूल रडण्यात ० मिळवते आणि ‘आरामात आहे’ अशी नोंद होते. म्हणून या मोजपट्टीची सुधारित आवृत्ती आली, जिच्यात प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या खुणा पालकांकडून आधी लिहून घेतात आणि त्याच खुणांवरून गुण देतात. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठीच बनवलेली २७ मुद्द्यांची आणखी एक यादी आहे. तिच्यासाठी मुलाकडे दहा मिनिटे पाहत बसावे लागते. आपल्याकडच्या वॉर्डात एका सिस्टरला दहा मिनिटे सलग कोठून मिळणार, हा प्रश्न आहेच. त्यामुळे सुधारित ‘फ्लॅक’चाच आग्रह धरा.

तीन गोष्टी लिहून न्या : बरे असताना ती कशी असते, दुखताना काय करते, आणि नुसती चिडली, भूक लागली किंवा शी करायची असली तर काय करते. तिसरी गोष्ट लोक विसरतात. बद्धकोष्ठाने अस्वस्थ झालेल्या मुलाला वेदनाशामक वाढवून दिले, तर बद्धकोष्ठच वाढते.

निद्रापाल

पाऊलवाट यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि त्यात एक भर. मुलीला सारे कळते, असे चांदणवेल यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. हे भूलतज्ज्ञाला भेटल्याबरोबर सांगावे. उच्चार अस्पष्ट असले, लाळ गळत असली की माणसे, डॉक्टर धरून, मुलाच्या डोक्यावरून आईशी बोलू लागतात. मीही सुरुवातीच्या काळात हे केले आहे आणि एका अकरा वर्षांच्या मुलाने मान फिरवून मला त्याची जाणीव करून दिली होती. ‘हो’साठी वर पाहणे आणि ‘नाही’साठी डोळे मिटणे अशी काही खूण असेल, तर ती भूलतज्ज्ञ, वॉर्ड आणि शुद्धीवर येण्याच्या खोलीतील सिस्टर अशा तिघांनाही माहीत असली पाहिजे. ज्या मुलाला दुखते का, हे विचारता येते, त्याच्यासाठी मोजपट्टी दुय्यम आहे.

हात बधिर करणारे मलम सुई टोचण्याआधी तासभर लावायला सांगा. या मुलांना इतक्यांदा टोचलेले असते की पांढरा कोट दिसला तरी अंग आखडते. झोप लागेपर्यंत आईला ओटीत थांबू देतात का, हे विचारा. अनेक ठिकाणी देत नाहीत.

कोकणकडा

आणि देऊही नये, असे माझे मत आहे. मी आत गेलो होतो. मुलाचे डोळे फिरताना पाहून मलाच सिस्टरांनी खुर्ची दिली. आईवडिलांनी आपले धैर्य आधी तपासावे.

खर्चाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि आजार आधीपासून आहे म्हणून नाकारत नाहीत. पैसे आधी भरून नंतर परतावा मागायचा असतो, त्यामुळे भूलतज्ज्ञांचे बिल आणि औषधांच्या पावत्या वेगवेगळ्या मागून ठेवा. १ लाखात ही शस्त्रक्रिया बसत नाही, पण काही भार हलका होतो.

चांदणवेल

सर्वांचे मनापासून आभार. काल भूलपूर्व तपासणी झाली. तुमच्या सूचनांवरून मी दोन पाने लिहून नेली होती. भूलतज्ज्ञ मॅडमनी ती वाचून स्वतःच्या कागदांना जोडली. वर्षभरात तीनदा छातीचा संसर्ग झाला होता हे तारखांवरून दिसल्यावर त्यांनी रोज दोन वेळा छातीचा व्यायाम सुरू करायला सांगितले आणि शस्त्रक्रियेची तारीख तीन आठवडे पुढे नेली. प्लेटलेट ठीक आहेत. हिमोग्लोबिन ९.४ आहे, ते वाढवायचे आहे. दोन्ही औषधांच्या सकाळच्या वेळा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. पाठीतील नळीला आम्ही होकार दिला आहे. सासूबाईंना मी निद्रापाल यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण विरोधही केला नाही.

मॅडमनी शेवटी तिलाच विचारले, ‘मुखवटा लावून फुगा फुगवायचा की हाताला मलम लावून सुई?’ तिने मलमाच्या ट्यूबकडे पाहिले.

चांदणवेल

शस्त्रक्रियेनंतरचा आज चौथा दिवस आहे, वॉर्डातूनच लिहिते आहे. एकूण पाच तास लागले, एक पिशवी रक्त द्यावे लागले. या वेळी ती तासाभरात डोळे उघडून माझ्याकडे पाहत होती. पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मला डुलकी लागली होती आणि ड्युटीवर नव्या सिस्टर होत्या. खाटेच्या उशाशी मी कागद चिकटवला होता : ‘मी दुखताना रडत नाही. मी गप्प होते, छताकडे पाहते, दात चावते. मला विचारा. वर पाहिले म्हणजे हो.’ सिस्टरांनी तो वाचला, तिच्या दातांचा आवाज ऐकला आणि तिलाच विचारले. तिने वर पाहिले. त्यांनी मला न उठवता आधी भूलतज्ज्ञांना बोलावले. नळीच्या जोडापाशी औषध गळत होते आणि पाठीखालची चादर ओली झाली होती. जोड बदलून, थोडे जास्त औषध देऊन तिला पुन्हा आराम पडायला अर्धा तास लागला.

काल नळी काढली. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी चालू आहे, आणि स्नायू आवळू नयेत म्हणून थोडे डायझेपाम. बॅक्लोफेनची एकही मात्रा चुकलेली नाही. पाऊलवाट, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचा आज सकाळी उपयोग झाला : ती कण्हत होती, सगळे वेदनाशामक वाढवण्याच्या बेतात होते, आणि तिने दाराकडे पाहिले. आमच्याकडे त्याचा अर्थ बाथरूम असा आहे. दोन्ही पायांच्या प्लास्टरमध्ये आडवी दांडी आहे, त्यामुळे बेडपॅन सरकवायला तीन माणसे लागली.